रस्ता ओलांडायचा कसा?



आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी दुबईचा शेख झायेद रोड पाहिला आहे. प्रत्यक्ष नाही, मोबाईलवर. कुणाचा मुलगा तिकडे ड्रायव्हर असतो, कुणाचा जावई गवंडी, कुणाचा भाऊ दुकानात. सुट्टीच्या दिवशी गाडीच्या काचेतून काढलेला व्हिडिओ येतो. दोन्ही बाजूंना उंच इमारती, मध्ये सहा-सात पदरी जाणारा आणि तितकाच येणारा रस्ता. एक खड्डा नाही, एक म्हैस आडवी नाही. अम्मी व्हिडिओ पाहते, शेजारच्या खालांना दाखवते आणि म्हणते, "रस्ता असावा तर असा!" मग कुणीतरी आपल्या नळदुर्ग-उमरगा रस्त्याची आठवण काढतो आणि सगळे हसतात.

हसू येण्यासारखे आहेच. पण या महिन्यात त्या व्हिडिओत न दिसणाऱ्या माणसाबद्दल लिहायचे आहे. त्या रस्त्यावर पायी चालणारा कुणी दिसत नाही. तो कुठे गेला? आणि आपल्याकडचे रस्ते तसेच रुंद होत असताना आपला पायी चालणारा कुठे जाणार आहे? शाळेला जाणारी मुले, शेतावर जाणाऱ्या बाया, फाट्यावर एसटीची वाट पाहणारे म्हातारे, ही सगळी आपलीच माणसे आहेत. म्हणून हा विषय रस्तेवाल्या साहेबांवर सोडून देण्यासारखा नाही, घरात बसून बोलण्यासारखा आहे.

वाळूतले शहर

आधी दुबईचा हिशोब पाहू. १९६८ च्या जनगणनेत दुबईची वस्ती साठ हजारांच्या आत होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षा फार मोठी नव्हती. खाडीच्या एका अंगाला देरा, दुसऱ्या अंगाला बर दुबई. मध्ये अब्रा नावाच्या होड्या चालत. खाडीवर पहिला पूल, अल मक्तूम पूल, १९६३ मध्ये झाला. १९६६ मध्ये तेल सापडले आणि चित्र बदलले. आज तिथली वस्ती ३६ लाखांच्या पुढे गेली आहे.

एवढी माणसे राहायला आली ती एका गोल शहरात आली नाहीत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळवंट. त्यामुळे शहर किनाऱ्याच्या कडेने लांबच लांब वाढले आणि त्याला आधार एका रस्त्याने दिला. अबुधाबीकडे जाणाऱ्या या रस्त्याला पूर्वी डिफेन्स रोड म्हणत. १९७९ मध्ये त्याच्या टोकाला ३९ मजली ट्रेड सेंटर उभे राहिले, तेव्हा ते वाळूत जवळजवळ एकटेच होते. १९९० च्या दशकात रस्ता रुंद केला गेला आणि संयुक्त अरब अमिरातीचे पहिले अध्यक्ष शेख झायेद यांचे नाव त्याला दिले गेले. हा रस्ता ई-११ या महामार्गाचा एक तुकडा आहे. ई-११ सौदी सरहद्दीकडून निघतो आणि अबुधाबी, दुबई, शारजा करत रास अल खैमापर्यंत जातो. लांबी ५५० किलोमीटरहून जास्त.

एक रस्ता पुरेना, म्हणून आतल्या बाजूला त्याला समांतर दुसरा आला, ई-३११. तोही भरला, मग आणखी आत ई-६११. आधी त्याला बायपास म्हणत. ज्या रस्त्याला काल बायपास म्हटले, त्याच्या पलीकडेही आज वस्ती आहे. मुलांना मी हे फळ्यावर तीन समांतर रेघा ओढून दाखवते. समुद्राजवळची रेघ जुनी, वाळवंटाकडची नवी. प्रत्येक रेघ ओढताना वाटले असणार की आता गर्दी संपेल. पण रस्ता रुंद झाला की लोक दूर राहायला जातात, दूरचे लोक रोज गाडीने येतात आणि रुंद रस्ता पुन्हा भरतो. स्वस्त भाड्यासाठी शारजाला राहून रोज दुबईत कामाला येणाऱ्या आपल्या मुलांना विचारा, सकाळचे किती तास गाडीत जातात ते.

वाळवंटात असा रस्ता ओढणे तुलनेने सोपे. वाटेत कुणाची विहीर नाही, बांध नाही, आमराई नाही, कब्रस्तान नाही, मंदिर नाही. पट्टी ठेवा आणि रेघ ओढा. त्यामुळे रस्ता आधी झाला आणि वस्ती नंतर त्याच्या काठाला आली. आपल्याकडे नेमके उलटे आहे. वस्ती शेकडो वर्षांची आणि रस्ता कालचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सालिक

दुबईच्या टोलला "सालिक" म्हणतात. १ जुलै २००७ ला तो सुरू झाला. नाका नाही, दांडी नाही. कमानीखालून गाडी गेली की काचेवरच्या चिकटपट्टीवरून पैसे कापले जातात. आपला फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून सगळ्या गाड्यांना सक्तीचा झाला, तो याच जातीचा.

उर्दू शिकवणारीला हा शब्द थांबवतो. उर्दूत सालिक म्हणजे वाट चालणारा, अल्लाहच्या वाटेवरचा मुसाफिर. आजच्या अरबीत रस्त्याबद्दल सालिक म्हटले, तर अर्थ होतो मोकळा, न तुंबलेला. एकच शब्द, एका ठिकाणी त्यात चालणारा माणूस आहे, दुसऱ्या ठिकाणी मोकळा रस्ता. आपण रस्त्याबद्दल बोलतो तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्या अर्थाने बोलतो. किती पदरी, किती वेग, किती तासांत सोलापूर. पहिला अर्थ विसरून जातो.

दुबईतही तो विसरला गेला होता. रस्त्याच्या या बाजूला खोली आणि समोर, डोळ्यांना दिसणाऱ्या इमारतीत काम, अशी माणसे होती. पण मध्ये बारा पदर. पायी ओलांडायच्या जागा फार थोड्या. समोर जायला टॅक्सी करून लांबून वळून यावे लागे. ज्यांना टॅक्सी परवडत नसे, ती माणसे जीव मुठीत धरून पळत. त्यांत कामगारच जास्त असणार, हे सांगायला नको.

मग ९ सप्टेंबर २००९ ला मेट्रो सुरू झाली. तिची लाल मार्गिका याच रस्त्याच्या कडेने जाते. स्थानकात शिरायला दोन्ही बाजूंनी रस्त्यावरून जाणारे बंद, थंड हवेचे पूल आहेत. मेट्रोत न बसणारा माणूसही त्या पुलावरून पलीकडे जाऊ शकतो. गाड्यांचा रस्ता आधी झाला, माणसाचा पूल कितीतरी वर्षांनी आला.

कायदा मात्र कडक होत गेला. मार्च २०२५ च्या अखेरीस तिथे नवा वाहतूक कायदा लागू झाला. ताशी ८० किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाच्या रस्त्यावर भलत्याच जागेवरून पायी ओलांडणाऱ्याला त्यात मोठा दंड आणि तुरुंगाचीही तरतूद आहे. आपली मुले नव्याने तिकडे जातात तेव्हा त्यांना ही गोष्ट आधी सांगा. इथे आपण हात वर करून ट्रक थांबवतो. ती सवय तिथे जिवावर बेतेल आणि त्यातून वाचलात तर कायद्याच्या कचाट्यात नेईल.

पण शिक्षेने काम भागत नाही, हे त्या शहरालाही कळले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये दुबईने पायी चालणाऱ्यांसाठी मोठी योजना जाहीर केली. २०४० पर्यंत ६,५०० किलोमीटरचे पायी रस्ते आणि ११० पादचारी पूल व भुयारी मार्ग. पन्नास वर्षे गाडीसाठी रस्ता रुंद करणारे श्रीमंत शहर आता पैसे खर्चून माणसाला पलीकडे न्यायला निघाले आहे. आपण त्यांच्याकडून शिकायचे असेल, तर पहिल्या पन्नास वर्षांऐवजी या शेवटच्या पानावरून शिकायला हवे.

आपले हमरस्ते

आता घरी येऊ. आपल्या जिल्ह्यातून दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. पहिला ६५ क्रमांकाचा, पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, उमरगा करत हैदराबाद आणि पुढे मछलीपट्टणमच्या समुद्रापर्यंत जाणारा. जुनी माणसे त्याला अजून नऊ नंबरचा रस्ता म्हणतात. दुसरा ५२ क्रमांकाचा. पंजाबातल्या संगरूरहून निघून धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड करत येरमाळा, येडशी, धाराशिव, तुळजापूर, तामलवाडी असा सोलापूरला येतो आणि पुढे विजयपूरवरून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जातो. त्याचा जुना क्रमांक २११. शिवाय तुळजापूरहून औसा, लातूर, नांदेड करत विदर्भात बुटीबोरीला जाणारा ३६१ आहेच.

या रस्त्यांनी आपले भले केले. तुळजापूर ते सोलापूर रुग्ण नेताना जे तास मोजावे लागत, ते कमी झाले. दूध, भाजी, द्राक्षे लवकर पोचतात. पोरगी धाराशिवच्या कॉलेजला जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकते. ६५ क्रमांकाच्या रस्त्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, तेव्हा खड्ड्यांनी किती घरे रडवली हेही आपल्याला माहीत आहे. चांगला रस्ता नको, असे कुणी म्हणणार नाही.

पण गावाच्या मधून किंवा कडेने चौपदरी रस्ता गेला की गावाचे दोन भाग होतात. घर इकडे, शेत तिकडे. मशीद इकडे, शाळा तिकडे. दवाखाना इकडे, बसथांबा तिकडे. पूर्वी बैलगाडी सरळ समोर जात असे. आता मध्ये दुभाजक आला. वळायची अधिकृत जागा दीड-दोन किलोमीटरवर. मोटारसायकलवाला काय करतो? कायद्याने गेला, तर जाऊन येऊन तीन-चार किलोमीटर पडतात. म्हणून तो उलट्या बाजूने कडेकडेने अर्धा किलोमीटर जातो. समोरून ताशी शंभरच्या वेगाने कंटेनर येत असतो. पायी चालणारा दुभाजक तोडून केलेल्या फटीतून घुसतो. त्या फटी कुणी एकाने केलेल्या नसतात, गरजेने केलेल्या असतात.

दुभाजकात कण्हेर लावलेली असते. समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपू नयेत, जनावरांनी खाऊ नये म्हणून ती लावतात. हेतू चांगला आहे. पण वाढलेल्या कण्हेरीच्या आड आठ वर्षांचे मूल उभे असेल, तर ड्रायव्हरला ते दिसत नाही आणि मुलालाही ट्रक दिसत नाही. दोघे एकमेकांना दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जिथे माणसे ओलांडतात तिथे कण्हेर छाटलेली हवी, एवढी साधी गोष्ट आहे.

ऊस तोडणीचा हंगाम सुरू झाला की रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. आणि उड्डाणपूल झालेल्या गावांत आणखी एक त्रास. रात्रीच्या गाड्या खाली गावात न उतरता वरूनच जातात आणि उतारूंना पुलाच्या टोकाला सोडतात. बायका, लेकरे, पिशव्या घेऊन अंधारात पुलावरून खाली यायचे. व्हिडिओत हे कधी दिसत नाही.

केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालातले आकडे पाहा. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. देशातल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम २ टक्के आहे, पण ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर झाले. मेलेल्यांत ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते आणि ३२,८२५ पायी चालणारे. म्हणजे दर दहांतले सहाहून अधिक जण गाडीच्या पत्र्याच्या आत नव्हतेच. मोठा रस्ता ज्यांच्यासाठी बांधला असे सांगितले जाते, त्यांच्यापेक्षा त्याच्या कडेला असणारी माणसेच त्याची जास्त किंमत मोजतात.

नळदुर्गचा बंधारा

नळदुर्गचा किल्ला तुम्ही पाहिला असेलच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात तिथे बोरी नदीवर बंधारा बांधला गेला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. शाळेच्या सहली जातात, मुले नर-मादी धबधब्याचे फोटो काढतात. मी मुलांना विचारते, हा धबधबा हौसेसाठी केला असेल का? खरे तर तो नदीचा हक्क आहे. बांधणाऱ्याला ठाऊक होते की भिंत घातली तरी पावसाळ्यात नदी येणारच. म्हणून त्याने तिला उतरायला दोन सांडवे ठेवले. चारशे वर्षे ती भिंत उभी आहे, कारण तिने नदीला वाट दिली.

रस्त्याचा भराव हीसुद्धा एक भिंतच असते. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत ७५ वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस झाला. अल ऐनजवळ खत्म अल शक्ला इथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. क्वचितच पाऊस पडणाऱ्या शहराने रस्ते बांधताना पाण्याचा विचार कमी केला होता. शेख झायेद रोडवर गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि माणसे गाड्या सोडून चालत निघाली. त्यानंतर दुबईने पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी ३० अब्ज दिरहमची योजना जाहीर केली. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात जे झाले ते तुम्ही विसरला नसाल. दुष्काळी म्हणवणाऱ्या तालुक्यांत माणसांना पुरातून बाहेर काढावे लागले. कोरड्या मुलखात पाऊस रोज येत नाही, पण येतो तेव्हा त्याला जागा लागते. भरावाखालची मोरी लहान ठेवली किंवा कचऱ्याने बुजली, तर वरच्या बाजूच्या शेतांत आणि घरांत पाणी थांबते.

आणि जसे पाण्याचे, तसेच माणसाचे. गावाच्या मधून रस्ता न्यायचा असेल, तर माणसाला उतरायला सांडवा ठेवावा लागतो. भुयारी मार्ग, पादचारी पूल, सेवा रस्ता, उजेड, थांबा. तो ठेवला नाही, तर माणूस नदीसारखाच भिंत फोडून वाट काढतो. मग आपण त्याला बेशिस्त म्हणतो.

बेशिस्त कुणाची?

आपली मुले तिकडे गाडी चालवतात तेव्हा पट्टा लावतात, आपली लेन सोडत नाहीत, लाल दिव्याला थांबतात. तिथे भारतीय लायसन बदलून लगेच तिथले मिळत नाही. बहुतेकांना तिथल्या शाळेत शिकून परीक्षा द्यावी लागते आणि अनेकजण एकदोनदा नापासही होतात. नियम मोडला की काळे गुण लागतात, २४ झाले की लायसन जाते. तोच मुलगा रमजानच्या सुट्टीत गावी येतो आणि तीन जणांना बसवून, हेल्मेट न घालता, महामार्गावर उलट्या बाजूने पेट्रोल पंपावर जातो. माणूस तोच आहे. तिथे रस्ता, कॅमेरा आणि दंड त्याला आवरतात. इथे आवरायला कुणी नाही आणि रस्ताही त्याला उलट जायला भाग पाडतो. त्यामुळे दोष वाटून घ्यावा लागेल. रस्त्यात वाट ठेवणे सरकारचे काम आहे आणि घरातल्या माणसाला आवरणे आपले.

घरातले आधी सांगते. दहावी पास झाल्याबद्दल मुलाच्या हातात मोटारसायकल देऊ नका. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या १९९-अ कलमाखाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. हेल्मेट चालवणाऱ्याला हवे, मागे बसणाऱ्यालाही हवे. आपल्या बायका मागे बसतात तेव्हा बुरख्याची किंवा ओढणीची टोके चाकात जाणार नाहीत, हे बसण्याआधी पाहा. ट्रॅक्टर-ट्रॉली असेल, तर मागे लाल चमकणारी पट्टी लावा. तिचा खर्च एका चहापाण्याएवढा असतो.

अपघात दिसला तर थांबा. १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लाही. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती अजून आहे. पण कायद्याच्या १३४-अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ पासून रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची योजना आहे. दवाखान्यात तिची चौकशी करा. धडक देऊन गाडी पळून गेली असेल, तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई मिळते. त्यासाठी तहसील किंवा उपविभागीय अधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो. कितीतरी गरीब घरे हा अर्ज करतच नाहीत, कारण कुणी सांगितलेलेच नसते.

अर्ज असा लिहा

आता सरकारकडे मागायचे. "आमच्या गावाला पूल द्या" एवढ्या एका ओळीच्या अर्जाचे काही होत नाही. शिक्षिका म्हणून सांगते, उत्तर नेमके हवे असेल तर प्रश्न नेमका विचारा.

पहिले, जागा. महामार्गाच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. माणसे कोणत्या दगडापासून किती मीटरवर ओलांडतात ते लिहा. दुसरे, मोजणी. गावातली आठवी-नववीची मुले रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर, एखाद्या मोठ्या माणसाबरोबर बसवा. शाळा भरताना एक तास आणि सुटताना एक तास किती मुले, किती बायका, किती जनावरे, किती सायकली ओलांडतात ते तीन दिवस मोजा. हा गणिताचा चांगला धडाही होतो. तिसरे, झालेले अपघात. तारखा पोलीस ठाण्यातून मिळतात. चौथे, मागणी क्रमाने लिहा. लगेच होणारी आधी : कण्हेर छाटणे, फाट्यावर दिवा, वेग कमी करणारे पट्टे, सूचनाफलक. मग थांबा आणि सेवा रस्ता. शेवटी भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल.

हा कागद ग्रामसभेत ठराव करून महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. पोच घ्या. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या १९८-अ कलमाखाली रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षेच्या निकषांप्रमाणे न केल्यास आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात या कलमाचा उल्लेख केला, तर तो वाचणाऱ्याला तुम्ही माहिती घेऊन आला आहात हे कळते.

आणि हा अर्ज एकट्या मोहल्ल्याचा करू नका. रस्ता ओलांडणाऱ्यात सगळे असतात. कोजागिरीला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून तुळजापूरला पायी येणाऱ्यांची रीघ लागते, तेव्हा गाड्या दुसरीकडून वळवतात आणि हमरस्ता चालणाऱ्यांचा होतो. म्हणजे चालणाऱ्यासाठी रस्ता थांबवता येतो, हे प्रशासनाला माहीत आहे. वर्षातून काही दिवस जे मोठ्या प्रमाणावर जमते, ते रोज सकाळी शाळेच्या वेळेपुरते लहान प्रमाणावर जमायला हरकत नाही. धनगरवाड्याचा मेंढका, दलित वस्तीतली मजूर बाई, पाटलांचा गडी आणि आपल्या मोहल्ल्यातले मूल, सगळे एकाच फटीतून पलीकडे जातात. त्यांच्या सह्या एकाच कागदावर हव्यात.

वाटेतला काटा-दगड बाजूला करणे ही नेकी आहे, हे आपल्या घरात चालायला लागलेल्या मुलालाही शिकवतात. महामार्गावर काटा हाताने उचलता येत नाही. वाढलेली कण्हेर, बंद पडलेला दिवा, बुजलेली मोरी, चुकीच्या जागी असलेला थांबा, हे आजचे काटे आहेत. ते उचलायला अर्ज लागतो, पाठपुरावा लागतो आणि दहा घरे लागतात.

तुमच्या गावाच्या फाट्यावर माणसे रस्ता कशी ओलांडतात ते या महिन्यात एकदा उभे राहून पाहा आणि मासिकाच्या पत्त्यावर कळवा. ज्या गावाने अर्ज करून काही मिळवले असेल, त्यांचा अनुभव पुढच्या एखाद्या लेखात इन्शाअल्लाह देऊ. आणि दुबईहून व्हिडिओ येईल तेव्हा मुलाला एक प्रश्न जरूर विचारा : "बेटा, रस्ता छान आहे. तू तो ओलांडतोस कुठून?"

खुदा हाफिज.